श्यामवर्ण प्रभू आणि गोऱ्या रंगाचा हट्ट

खोपोलीहून कर्जतकडे निघालेली लोकल लौजी, डोळवली, केळवली आणि पळसदरी अशी चार छोटी स्थानके घेत अवघे पंधरा किलोमीटरचे अंतर कापते. एका अंगाला बोरघाटाचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे असतात. पावसाळ्यात या वाटेवर डोळे निवावेत अशी हिरवाई दाटते. परंतु डब्यात बसलेल्या महाविद्यालयीन मुलींचे लक्ष खिडकीबाहेर क्वचितच असते. एकाच मोबाइलच्या इअरफोनची दोन टोके दोघींच्या कानांत असतात आणि पडद्यावर दक्षिण कोरियातील एखादी शाळा, तिथला गणवेश, तिथली मैत्री आणि तिथले पहिले प्रेम उलगडत असते. एक भाग साधारण सव्वा तासाचा, त्यामुळे कर्जत येईपर्यंत तो संपत नाही. उरलेला भाग रात्री, घरातले सगळे झोपल्यावर पाहिला जातो.

कर्जत, नेरळ, खोपोली या बाजारपेठांत किराणा, कापड, सराफी आणि कटलरीची दुकाने चालविणाऱ्या जैन घरांतील मुलीही यात आहेत. वडीलधाऱ्यांना हे परदेशी खूळ वाटते. भाषा कळत नाही, नावे लक्षात राहत नाहीत आणि सारे चेहरे सारखेच भासतात, अशी त्यांची तक्रार असते. या मालिकांना नावे ठेवण्यापूर्वी त्यांतील एक तरी नीट समजून घ्यावी, कारण त्यातील दुःख परदेशी नाही. ते आपल्या माजघरातलेच आहे.

मुखवट्यामागची मुलगी

‘ट्रू ब्यूटी’ ही सोळा भागांची मालिका कोरियातील टीव्हीएन या वाहिनीवर डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात दाखविली गेली. याओंगी या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकर्तीच्या, मोबाइलवर वाचल्या जाणाऱ्या चित्रकथेवर ती बेतलेली आहे. तिची नायिका जू-क्युंग शाळेत शिकते. चेहऱ्यावर मुरमे, डोळ्यांवर जाड चष्मा, त्यामुळे वर्गात तिची सतत टिंगल होते. छळ इतका वाढतो की जगणे नकोसे व्हावे. याच सुमारास वडिलांची फसवणूक होऊन घरचा पैसा बुडतो आणि कुटुंबाला आपल्या जुन्या वस्तीत परतावे लागते. तिथे नव्या शाळेत कोणी ओळखत नाही, ही तिला संधी वाटते. रात्ररात्र जागून, चित्रफिती पाहून ती रंगरंगोटीची कला शिकते आणि नव्या शाळेत ‘देवी’ म्हणून मिरवू लागते.

इथून तिची खरी कसोटी सुरू होते. सगळ्यांना आवडणारा चेहरा आपला नाही, हे तिला ठाऊक असते. पावसाची सर, पोहण्याचा तास, मैत्रिणीच्या घरचा मुक्काम अशा साध्या गोष्टींची तिला धास्ती वाटू लागते. घरातही तिला आधार मिळतोच असे नाही. आई स्वतः सौंदर्योपचाराचा व्यवसाय करणारी, बोलण्यात फटकळ, आणि थोरली बहीण व धाकटा भाऊ दिसायला चांगले. ‘हिच्याच वाट्याला हे रूप का’ हा प्रश्न घरात न बोलताही ऐकू येत असतो. तिचा मूळ चेहरा पाहूनही तिच्याशी पूर्वीइतक्याच सहजतेने वागणारा सू-हो हा मुलगा तिला भेटतो. त्या भेटीतून फुललेले प्रेम हा मालिकेचा लोकप्रिय भाग.

मालिकेचा गाभा मात्र पुढे आहे. तिच्या जुन्या शाळेतील छळाची चित्रफीत नव्या शाळेत पसरते आणि साऱ्यांना तिचा मूळ चेहरा दिसतो. ती कित्येक दिवस खोलीबाहेर पडत नाही. अखेर एके सकाळी काहीही न लावता, चष्मा घालून ती शाळेच्या फाटकातून आत शिरते. पुढे ती रंगभूषाकार होते. म्हणजे मालिका नटण्याला पाप ठरवीत नाही. भीतीपोटी नटणे आणि आवडीने नटणे यांतला भेद ती दाखविते.

आणखी एक पात्र पालकांनी विशेष पाहण्याजोगे आहे. सू-जिन ही वर्गातील देखणी आणि हुशार मुलगी. तिच्याकडे सगळे काही आहे असे इतरांना वाटते. घरी मात्र पहिला क्रमांक चुकला की वडिलांचा हात तिच्यावर उठतो आणि मन फार अस्वस्थ झाले की ती पुन्हा पुन्हा हात धूत राहते. जू-क्युंगची चित्रफीत पसरविणारीही हीच. रूप असूनही जिला घरी निर्धास्त वाटत नाही, तिच्या हातून दुसरीचे रूप चव्हाट्यावर येते.

‘रंग माझा वेगळा’

हेच दुःख मराठी प्रेक्षकांनी आपल्या भाषेतही पाहिले आहे. स्टार प्रवाह वाहिनीवर २०१९ च्या अखेरीस सुरू झालेली आणि २०२३ पर्यंत चाललेली ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सावळ्या दीपाची. मल्याळममधील ‘करुतमुत्तु’ या मालिकेवरून ती घेतलेली होती. सावळ्या रंगाचा तिटकारा करणारी सासू, रंगावरून पदोपदी होणारा अपमान आणि तरीही न मोडणारी दीपा घरोघरी पोहोचली. संध्याकाळी टीव्हीपुढे बसून कित्येक सासवांनी दीपासाठी डोळे पुसले असतील.

दोन्ही मालिकांत एक विसंगती मात्र सारखीच आहे. दीपाची भूमिका करणाऱ्या रेश्मा शिंदे मूळच्या उजळ वर्णाच्या आहेत, त्यांना रंग लावून सावळे केले गेले. त्यावर त्या वेळी टीकाही झाली. जू-क्युंग साकारणाऱ्या मून गा-यंग यांच्या नितळ चेहऱ्यावरही मुरमे रंगविलेलीच होती. म्हणजे सावळ्या मुलीची कथा सांगायलाही सावळी मुलगी पुढे आणण्याचे धाडस झाले नाही, आणि मुरमांच्या चेहऱ्याला न्याय देणारी मालिकाही मुरमे नसलेल्या चेहऱ्यावरच उभी राहिली. मुली हे जाणतात. म्हणूनच मालिका पाहताना त्यांचे डोळे भरून येतात आणि ती संपल्यावर हात पुन्हा क्रीमच्या डबीकडेच जातो. मालिकेने दिलेला धीर घरात टिकावा लागतो. घरची बोलणी बदलली नाहीत तर तो चार दिवसही टिकत नाही.

परिचयपत्रातला रंग

ही बोलणी दिसायला किरकोळ असतात. ‘उन्हात जाऊ नकोस, काळवंडशील’, ‘धाकटी आईवर गेली, मोठी मात्र आजोबांवर गेली’, ‘हा रंग हिला उठून दिसायचा नाही’. बोलणारी काकू किंवा मावशी प्रेमळच असते. पण सहाव्या-सातव्या वर्षापासून ऐकलेली ही वाक्ये मुलीच्या मनात हिशेबाच्या वहीतल्या मागील बाकीसारखी पुढच्या पानावर ओढली जातात.

त्यांची बेरीज लग्नाच्या परिचयपत्रात होते. शिक्षण, उंची, मामाकुळ, गोत्र यांच्या जोडीने ‘वर्ण’ हा रकाना येतो. तिथे ‘गोरा’ लिहिता आले तर प्रश्नच नाही. नाहीतर ‘उजळ’, ‘निमगोरा’, ‘गव्हाळ’ अशी एकेक पायरी खाली उतरत जाते. ‘सावळी’ हा शब्द लिहिण्याची वेळ आली की तो रकानाच गाळला जातो, आणि छायाचित्र काढणाऱ्याला ‘जरा उजळ करून द्या’ असे सांगितले जाते. मुलगी तिथेच उभी असते. आपल्या घराला आपला चेहरा जसा आहे तसा दाखविण्याची लाज वाटते, हे तिला त्या एका वाक्यात कळते. जू-क्युंगने जो मुखवटा स्वतःच्या हाताने चढविला, तो आपल्याकडे आईवडीलच चढवितात. आणि जिथे मुलीच्या लग्नाची काळजी खरोखरच रात्रीची झोप उडविणारी असते, तिथे त्या आईवडिलांना दोष देणेही सोपे नाही. समोरच्या घराने मागणी करायची आणि या घराने ती पुरवायची, असे हे चक्र आहे. जे घर मुलीच्या बाजूने यात भरडले जाते, तेच घर दोन वर्षांनी मुलासाठी ‘गोरी’ मुलगी शोधू लागते.

जगात यावर थोडेफार पुनर्विचार झाले आहेत. १९७५ मध्ये भारतात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून ‘ग्लो अँड लव्हली’ असे नाव धारण केले. त्याच वर्षी जून महिन्यात ‘शादी डॉट कॉम’ या विवाह संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय बंद केली. रूपाच्या हव्यासासाठी ओळखल्या जाणाऱ्या दक्षिण कोरियातही २०१८ च्या सुमारास अनेक तरुणींनी आपली सौंदर्यप्रसाधने मोडून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी तेथील नोकरभरतीच्या कायद्यात बदल झाला आणि कामाशी संबंध नसताना उमेदवाराचे रूप, उंची, वजन विचारण्यास बंदी आली. नोकरीच्या अर्जातून जो प्रश्न कोरियाने काढला, तो लग्नाच्या परिचयपत्रातून काढणे समाजाच्या मंडळांना आणि वधू-वर परिचय पुस्तिकेच्या संपादकांना अशक्य नाही. त्यासाठी कोणताही कायदा लागत नाही, छापील नमुन्यातली एक ओळ कमी करावी लागते.

गाभाऱ्यातील रंग

जैन घराला या बाबतीत कोरियाकडून काही उसने आणण्याची गरजच नाही. चोवीस तीर्थंकरांच्या देहवर्णांचे वर्णन परंपरेने काळजीपूर्वक जपले आहे. श्वेतांबर परंपरेनुसार सोळा तीर्थंकर सुवर्णवर्णाचे, पद्मप्रभ आणि वासुपूज्य रक्तवर्णाचे, चंद्रप्रभ आणि सुविधिनाथ शुभ्रवर्णाचे, मल्लिनाथ आणि पार्श्वनाथ नीलवर्णाचे, तर मुनिसुव्रत आणि नेमिनाथ श्यामवर्णाचे. गिरनारच्या शिखरावर नेमिनाथांची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. हजारो पायऱ्या चढून, धापा टाकत वर पोहोचलेला यात्रिक त्या श्यामल मुखापुढे हात जोडतो तेव्हा त्याला त्या रंगात काही उणे दिसत नाही. राजीमतीने ज्यांच्यासाठी आपला संसार मनातून उतरविला आणि ज्यांच्या मागोमाग दीक्षा घेतली, ते नेमिकुमार श्यामवर्णच होते. तीच यात्रा करून आलेले कुटुंब आठवड्याभरात एखाद्या स्थळाला ‘मुलगी चांगली आहे, पण रंगाने जरा...’ असे कळविते. या दोन गोष्टी एकाच घरात सुखाने नांदतात, कारण त्या कधी समोरासमोर आणल्या जात नाहीत.

कोणी म्हणेल, शास्त्रातच लेश्यांमध्ये कृष्ण ही सर्वांत हीन आणि शुक्ल ही सर्वांत श्रेष्ठ सांगितली आहे. परंतु तेथे मोजला आहे तो भावाचा रंग. जांभळाच्या झाडाचा दृष्टांत पाठशाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. सहा भुकेलेले वाटसरू झाडापाशी येतात. एक झाड मुळासकट तोडू पाहतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस, पाचवा फक्त पिकली फळे, आणि सहावा म्हणतो की खाली पडलेली जांभळे वेचली तरी पोट भरेल. पहिला कृष्ण लेश्येचा आणि सहावा शुक्ल लेश्येचा ठरला तो त्यांच्या विचारामुळे. त्यांच्या कातडीचा उल्लेख त्या कथेत येत नाही. आणि ज्या फळासाठी ते सहाही जण थांबले, ते फळ काळेच असते.

रूपाच्या मोहावर सर्वांत तीक्ष्ण उत्तर दिले ते मल्लीकुमारीने. दिगंबर परंपरा एकोणिसाव्या तीर्थंकरांना पुरुषदेही मानते, तर श्वेतांबर परंपरेत त्या मिथिलेचा राजा कुंभ आणि राणी प्रभावती यांची कन्या. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमातील ही कथा आहे. मल्लीच्या सौंदर्याची कीर्ती ऐकून सहा राजांनी तिला मागणी घातली आणि नकार मिळताच मिथिलेला वेढा दिला. मल्लीने आधीच स्वतःची एक सुवर्णप्रतिमा घडवून घेतली होती. ती आतून पोकळ होती आणि मस्तकावर झाकण होते. रोज जेवताना आपल्या अन्नाचा एक घास ती त्या प्रतिमेत टाकी. सहाही राजांना त्या दालनात आणले गेले. प्रतिमेलाच मल्ली समजून ते भान हरपून पाहत राहिले. इतक्यात मल्लीने येऊन झाकण उघडले, आणि आत कुजलेल्या अन्नाच्या दुर्गंधीने राजांनी नाके झाकली. ज्या अन्नावर हा देह पोसला जातो त्याचीच ही गत असेल, तर देहाच्या वरच्या कांतीवर इतके लुब्ध का व्हावे, हे तिने त्यांना विचारले. पुढे तेच सहा राजे तिच्या मार्गाने गेले.

या कथेतून सहसा वैराग्याचा बोध घेतला जातो. त्यात आजच्या मुलीसाठी आणखी एक गोष्ट आहे. मल्ली अतिशय सुंदर होती आणि तरीही आपल्याला केवळ रूपावरून मागितले जावे, हे तिने नाकारले. रूप नसणाऱ्या मुलीला जसा नकाराचा अपमान सोसावा लागतो, तसा रूप असणाऱ्या मुलीला वस्तू ठरण्याचा अपमान सोसावा लागतो. दोन्ही अपमान एकाच तराजूने केलेले असतात.

दुसरी कथा नंदिषेणाची. तो जन्मतः कुरूप, लहानपणीच पोरका झालेला, मामाकडे राबून वाढलेला. मामाने आपली मुलगी देऊ केली, पण मामाच्या मुलींनी त्याला साफ नाकारले. जीव द्यायला निघालेल्या नंदिषेणाला एका मुनींनी थांबविले. त्याने दीक्षा घेतली आणि रुग्ण साधूंच्या सेवेचे असे व्रत चालविले की देवांनी त्याची परीक्षा पाहावी. घाणीने भरलेल्या रुग्णाला खांद्यावर वाहून नेतानाही त्याच्या मनात किळस आली नाही. असा हा तपस्वी अंतकाळी मात्र एका मागणीपाशी अडखळला. पुढच्या जन्मी आपण स्त्रियांना प्रिय व्हावे, एवढे रूप मिळावे, असे निदान त्याने केले. तपाचे फळ त्याला मिळाले आणि तो वसुदेव म्हणून जन्मला, ज्याला पाहून नगरातील स्त्रिया घरची कामे विसरत.

शास्त्र निदानाला दोष मानते, कारण त्यात मोक्षाच्या मोलाची वस्तू संसाराच्या मोलाने विकली जाते. व्यापारी घराला हा तोट्याचा सौदा चटकन कळेल. तरीही या कथेत एक करुणा आहे. आयुष्यभराची सेवा आणि तप पुसू शकले नाही इतकी खोल जखम तारुण्यातल्या एका नकाराने केली होती. म्हणून एखादी मुलगी आरशापुढे रडत असेल तेव्हा ‘देह नाशवंत आहे, रूपाचे काय घेऊन बसलीस’ असे सांगून तिची बोळवण करणे पुरेसे नाही. अशुचि भावनेचा पाठ देण्याचा अधिकार ज्या घराला हवा, त्या घराने आधी तिला रूपावरून मोजणे थांबवावे लागेल.

दुकानाच्या फळीवरचा पारा

हा प्रश्न मनापुरता राहिला असता तरी गंभीरच होता, पण तो शरीरातही उतरला आहे. केरळमधील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत विकाराचा एक विरळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी आजारापूर्वी गोरेपणाची क्रीमे वापरल्याचे सांगितले. महाराष्ट्रातही विदर्भातील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममुळे इजा झाल्याचे प्रकरण पुढे आले होते. त्याचा माग मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी काढला. कारण होते पारा.

पाऱ्याचे क्षार त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होऊ देत नाहीत, त्यामुळे चेहरा थोड्याच दिवसांत उजळल्यासारखा दिसतो. वापरणारी खूश होते आणि शेजारणीलाही नाव सांगते. दरम्यान तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात साचत जातो. पावलांवर व चेहऱ्यावर सूज, लघवीला फेस, थकवा ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा लघवीवाटे प्रथिने वाहून जात असतात. वेळीच ओळखून क्रीम थांबविले तर बऱ्याच रुग्णांना उतार पडतो.

भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालण्यास मनाई आहे. नकळत राहिलेला अंशही दहा लाखांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. तरीही लेबल नसलेल्या, परदेशी लिपीतील किंवा ‘वनौषधी’ म्हणविणाऱ्या डब्यांतून तो येतो. दुसरा धोका स्टेरॉईड मलमांचा. खाज-खरजेसाठी दिली जाणारी ही औषधे गोरे होण्यासाठी महिनोन्महिने लावली जातात. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस उगवतात आणि मलम थांबविताच चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. अशी अनेक मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

इथे विषय गिऱ्हाइकापुरता राहत नाही, गल्ल्यापर्यंत येतो. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत ‘विषवाणिज्य’ स्पष्ट नोंदलेले आहे. विष विकणे म्हटले की डोळ्यापुढे उंदराचे औषध येते, चाळीस रुपयांची गुलाबी डबी येत नाही. कर्जतच्या बाजारात भाजी, रानमेवा विकून दोन पैसे गाठीला बांधणारी ठाकर वा कातकरी मुलगी विश्वासाने दुकानदाराला विचारते, ‘शेठ, ह्याने फरक पडतो का?’ त्या प्रश्नाचे उत्तर हेच त्या दुकानदाराचे अहिंसाव्रत आहे.

पारख करणे कठीण नाही. डबीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख, सर्व घटकांची यादी असावी. माल परदेशी असेल तर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस किंवा कॅलोमेल असे शब्द दिसले तर ती डबी फळीवर ठेवू नये. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना असेल तर तेही पाऱ्याचेच लक्षण, कारण सोन्याला पारा लागला की ते पांढरे पडते, हे सराफी घरांना सांगायला नको. सात दिवसांत गोरेपणाची हमी देणारा माल कितीही नफा देणारा असला तरी परत पाठवावा.

कोरियन प्रसाधनांविषयीही एक गोष्ट मुलींना सांगितली पाहिजे. त्यांतील काही लोकप्रिय द्रवांत गोगलगाईचा स्राव असतो आणि काही लाल रंगांत कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेले कारमाइन असते. ज्या घरात पावसाळ्यात पालेभाजी वर्ज्य केली जाते, त्या घरातील मुलीने हे न वाचता चेहऱ्याला लावावे, हे तिलाही रुचणार नाही. तिला माहिती दिली की ती स्वतःच निवड करते.

तांदळाची पारख

कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने तयार केलेले भाताचे वाण कोकणभर पेरले जातात. इथल्या धान्याच्या व्यापाऱ्याला तांदळाचा पांढरेपणा म्हणजे काय हे नेमके ठाऊक असते. भात भरडल्यावर निघणारा दाणा तपकिरी असतो. त्याला गिरणीत जितकी पॉलिश द्यावी तितका कोंडा झडतो, दाणा पांढराशुभ्र होतो आणि कोंड्यातील जीवनसत्त्वेही निघून जातात. म्हणून मुरलेला व्यापारी रंगावर भाव ठरवीत नाही. तो मूठभर दाणे तळहातावर घेतो, तुकडा किती ते पाहतो, वास घेतो, जुना की नवा ते विचारतो. तांदळाच्या पोत्याला मिळणारी एवढी पारख सून निवडताना मुलीच्या वाट्याला यावी, अशी अपेक्षा जास्तीची नाही.

पर्युषणाच्या अखेरीस, संवत्सरी प्रतिक्रमणानंतर घरोघरी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले जाते. गावोगावच्या आडत्यांना, नातलगांना, वर्षभर न बोललेल्या भावकीलाही निरोप जातात. त्या यादीत घरातल्या मुलीचे नाव बहुधा नसते. ‘काळवंडशील’, ‘हिचे कसे व्हायचे’, ‘फोटो जरा उजळ करा’ ही वाक्ये कोणी कोणाला दुखविण्यासाठी उच्चारलेली नसतात, म्हणून त्यांची क्षमा मागण्याचे सुचतही नाही. यंदा एखाद्या वडिलांनी प्रतिक्रमण आटोपल्यावर मुलीजवळ बसून, तिच्या मोबाइलवरचा तो अर्धवट राहिलेला भाग तिच्यासोबत पाहावा. नायिका चष्मा लावून, काही न रंगविता शाळेच्या फाटकातून आत शिरते तेव्हा मुलगी गप्प होईल. तेव्हा तिला हात जोडून तेच दोन शब्द म्हणावेत. ते कशासाठी म्हटले, हे तिला विचारावे लागणार नाही.